सिगार कडू का लागतो: दोष ज्योतीचा किती, हाताचा किती?

वाचकाचे पत्र : मी अधूनमधून, बहुधा सुट्टीच्या संध्याकाळी, एखादा सिगार ओढतो. अलीकडे तीन ज्योतींचा जेट लायटर घेतला. तेव्हापासून पहिली दहा-पंधरा मिनिटे चव करपट आणि कडवट लागते, आणि पेटत्या टोकाजवळ वेष्टनावर, म्हणजे सिगारच्या सर्वांत बाहेरच्या पानावर, काळा पट्टा उमटतो. एका मित्राच्या मते जेटने सिगारची चव मरते, म्हणून तो सीडरच्या पट्टीनेच पेटवावा. दुसरा साध्या आगकाडीवर ठाम आहे. तिसरा पेट्रोलच्या लायटरने पेटवतो आणि त्याला काहीच फरक जाणवत नाही. इंधनाची चव खरोखर धुरात उतरते का? दोष माझ्या लायटरचा आहे का? हाताशी दुसरे काही नसेल तर मेणबत्ती चालेल का? आणि विझलेला सिगार पुन्हा पेटवला की तो आंबूस का लागतो?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या तिन्ही मित्रांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे, पण तिघेही ज्योत कशाची आहे एवढ्याकडेच पाहत आहेत. इंधनाची चव धुरात उतरते हे खरे आहे. मात्र ती पहिल्या काही झुरक्यांपुरतीच असते, आणि पेटलेल्या टोकाचा साधारण पहिला सेंटिमीटर जळून राख झाला की तिचा मागमूस राहत नाही. त्यापुढेही जे रेंगाळते, ते बहुतेक वेळा इंधनामुळे नव्हे तर टोक असमान पेटल्यामुळे आणि ते सावरण्यासाठी आपण भराभर घेतलेल्या झुरक्यांमुळे. आपला कडवटपणा दहा-पंधरा मिनिटे टिकतो, यावरूनच मला वाटते की दोष लायटरमधल्या वायूचा नसून तो लायटर धरण्याच्या पद्धतीचा आहे.

हे पटण्यासाठी चव कुठे तयार होते ते आधी पाहायला हवे. सिगारची चव निखाऱ्यातून येत नाही. निखारा म्हणजे जवळजवळ कोळसाच असतो, आणि तिथे सेंद्रिय पदार्थ जळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ झालेली असते. चव तयार होते ती निखाऱ्याच्या लगेच मागे, काही मिलिमीटर रुंदीच्या एका पट्ट्यात. तिथे उष्णता भरपूर असते, पण ऑक्सिजन निखाऱ्याने आधीच खाऊन टाकलेला असतो. त्यामुळे तिथली तंबाखू जळत नाही, ती उष्णतेने विघटित होते आणि तिच्यातली सुगंधी तेले वाफ होऊन धुराबरोबर पुढे निघतात. या पट्ट्यात उष्णता हळूहळू चढली तर हलके, सुगंधी पदार्थ आधी बाहेर पडतात. ती एकदम चढली तर हे पदार्थ टिकतच नाहीत, आणि पानातल्या नायट्रोजनयुक्त संयुगांचे विघटन होऊन तिखट, करपट वासाचे पदार्थ वाढतात. सिगारची तंबाखू सावलीत हवेवर सुकवून पुढे दीर्घकाळ आंबवलेली असते. या प्रक्रियेत तिच्यातली साखर जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे अतिउष्णतेचा कडवटपणा झाकायला गोडव्याचा आधारही फारसा उरत नाही.

निखाऱ्याचे तापमान आपल्या हातात असते ते झुरक्याच्या जोरावर आणि वेगावर. सिगारेटचा निखारा झुरका घेताना ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि मधल्या काळात उतरतो. सिगारचा निखाराही झुरक्यासरशी असाच चढतो-उतरतो. याचा अर्थ असा की आपण कितीही तापलेल्या ज्योतीने सिगार पेटवला, तरी ज्योत बाजूला केल्यावर अर्ध्या मिनिटात निखारा त्याच्या स्वतःच्या तापमानावर येतो. ज्योतीची उष्णता सिगारमध्ये साठून राहत नाही. मागे राहतो तो तिने केलेला परिणाम, म्हणजे करपलेली कड, काजळीचा थर, किंवा एका बाजूने पुढे धावलेली आग.

आता आपल्या जेट लायटरकडे वळतो. साध्या, पिवळ्या ज्योतीच्या गॅस लायटरमध्ये आणि जेट लायटरमध्ये इंधन एकच असते, ते म्हणजे ब्युटेन. शुद्ध केलेल्या ब्युटेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो आणि ते नीट जळले तर वाफ आणि कार्बन डायऑक्साइडखेरीज विशेष काही मागे राहत नाही. म्हणून ‘जेटचा वायू चव बिघडवतो’ हे म्हणणे टिकत नाही. बरेच जण तापमानाकडे बोट दाखवतात, पण तेही पुरेसे स्पष्टीकरण नाही, कारण मेणबत्तीच्या ज्योतीतला सर्वांत उष्ण भागसुद्धा १४०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचतो आणि जेटचा आकडा त्याहून काही अफाट मोठा नसतो. खरा फरक उष्णता पोहोचवण्याच्या जोरात आहे. साधी ज्योत हवेत तरंगत वर जाते, तर जेटमध्ये वायू आणि हवा आधीच मिसळून बारीक छिद्रातून दाबाने बाहेर पडतात. तो उष्ण झोत पानावर आपटतो आणि कमी वेळात कितीतरी अधिक उष्णता एका लहानशा जागेत ओततो. शिवाय ही निळी ज्योत उजेडात नीट दिसत नाही, आणि जिथे ती दिसायची थांबते तिथे तिची उष्णता संपलेली नसते. माणूस डोळ्यांना दिसणाऱ्या टोकावरून अंतर ठरवतो आणि नकळत सिगार झोताच्या ऐन मध्यावर धरतो. वेष्टनाचे पान हे सिगारमधले सर्वांत पातळ आणि सर्वांत निवडक पान असते, म्हणून ते आधी करपते. आपल्याला दिसणारा काळा पट्टा हाच आहे.

तो पट्टा नुसता दिसायला वाईट नसतो. पट्ट्याखालच्या पानातली तेले निखारा तिथवर पोहोचण्याआधीच उडून गेलेली असतात, म्हणून तेवढ्या भागात वेष्टनाची चव मिळत नाही आणि तिच्या जागी करपट वास येतो. तीन ज्योतींच्या लायटरमध्ये आणखी एक अडचण असते. तीन झोत मिळून एक रुंद, तापलेला पट्टा तयार करतात. जाड सिगारला, म्हणजे ५० किंवा त्याहून अधिक रिंग गेजच्या सिगारला, तो सोयीचा पडतो. रिंग गेज म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेला व्यास, तेव्हा ५० रिंग गेजचा सिगार जवळजवळ २० मिलिमीटर जाड असतो. पण ४२ रिंग गेजच्या, ‘कोरोना’ नावाच्या आकाराच्या बारीक सिगारवर हाच पट्टा कडेबाहेर सांडतो आणि वेष्टन बाजूने भाजतो. आपण कोणत्या जाडीचे सिगार ओढता ते पत्रात लिहिलेले नाही. बारीक ओढत असाल, तर निम्मे उत्तर इथेच मिळाले असे समजा.

उपाय सोपा आहे आणि त्यासाठी नवी खरेदी करावी लागत नाही. सिगार तोंडात न धरता हातात, जवळजवळ आडवा धरावा. लायटर खालून, लांबून जवळ आणावा, आणि दिसणाऱ्या ज्योतीचे टोक सिगारपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर असतानाच थांबावे. मग बोटांनी सिगार सावकाश फिरवत राहावे. थोड्या वेळात टोकाची कड आधी गडद होते, नंतर तिच्यावर राखाडी छटा चढते आणि एखाद्या ठिकाणी तांबूस ठिपका लुकलुकू लागतो. तो दिसला की ज्योत कडेवरून मध्याकडे न्यावी. यालाच टोक शेकणे म्हणतात. शेकताना ज्योत पानाला लागता कामा नये, आणि या टप्प्यात एकही झुरका घेऊ नये. पूर्ण वर्तुळ राखाडी झाल्यावर टोकावर हलकेच फुंकर घालावी. जिथे पेट धरलेला असतो तिथे नारिंगी उजळते आणि जिथे धरलेला नसतो तो भाग काळाच राहतो, त्यामुळे कुठे कमी पडले ते लगेच कळते. त्या काळ्या भागापुरतीच ज्योत पुन्हा दाखवावी. मोठ्या सिगारला या सगळ्याला अर्धा ते एक मिनिट लागले तर त्यात नवल नाही. जेटने दहा सेकंदांत काम होते हा त्याचा गुण मानला जातो. चवीच्या दृष्टीने तो दोषच आहे.

शेकून झाल्यावर पहिला झुरका आत ओढण्याऐवजी सिगारमधून हलकेच बाहेर फुंकावा, असे मी सुचवीन. शेकताना जमलेला करपट धूर आणि न जळलेला वायू त्याने टोकातून निघून जातो. यात काही गूढ नाही. सिगार ही सैलसर भरलेली नळी आहे आणि तिच्यात जे साठले आहे तेच पहिल्या झुरक्यात तोंडात येणार. पुष्कळ जण मात्र नेमके उलटे करतात, म्हणजे सिगार तोंडात धरतात, ज्योत टोकाला लावतात आणि जोरजोराने ओढत राहतात. तसे केल्याने ज्योत प्रत्येक झुरक्यासरशी आत खेचली जाते आणि इंधनाच्या ज्वलनातून जे काही निघते ते पानांच्या लांबभर गाळणीतून आपल्या जिभेपर्यंत पोहोचते. इंधन स्वच्छ असेल तर फार बिघडत नाही. ते अस्वच्छ असेल, तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमके इथे आहे. ज्योत आणि झुरका एकाच वेळी झाले की इंधनाची चव येते, आणि ते वेगवेगळ्या वेळी झाले तर ती जवळजवळ येत नाही.

आपल्या आगकाडीवाल्या मित्राचा दावा या कसोटीवर तपासून पाहता येतो. साध्या काडेपेटीतल्या काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असते, तर लाल फॉस्फरस पेटीच्या बाजूच्या पट्टीवर असतो. काडी ओढल्यावर पहिले दोन-तीन सेकंद जी फुरफुरणारी, पांढरट ज्योत दिसते तीत गंधक जळत असते आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. नाकाला झोंबणारा वास तोच. या वेळी काडी सिगारजवळ नेली तर पहिल्या झुरक्यांना तिखट, धातूसारखी चव येते. गुल जळून ज्योत शांत आणि पिवळी झाली की जळते ते फक्त लाकूड, आणि गुलाजवळच्या लाकडाला लावलेले थोडेसे पॅराफिन. ही ज्योत मऊ असते, तिची उष्णता बेताची असते आणि वेष्टन करपण्याचा धोका कमी असतो. काडीची अडचण वेगळीच आहे. गुल जळण्यात गेलेला वेळ वजा केला तर लहान काडी फार थोडा वेळ कामाला येते, म्हणून जाड सिगारला तीन-चार काड्या लागतात, आणि प्रत्येक नव्या काडीबरोबर तो गंधकाचा पहिला भपकारा पुन्हा सांभाळावा लागतो. सिगारसाठी म्हणून मिळणाऱ्या लांब काड्या या दृष्टीने बऱ्या पडतात. जाड कागदाच्या, मेण लावलेल्या काड्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांत लाकूड नसते आणि मेण मात्र पुष्कळ असते.

सीडरचा आग्रह धरणाऱ्या मित्राशी मी अर्धाच सहमत आहे. या कामासाठी जे लाकूड वापरतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते ना स्पेनचे आहे ना खऱ्या सीडरच्या कुळातले. सेड्रेला ओडोराटा हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, महोगनीच्या कुळातला वृक्ष आहे. सिगारच्या पेट्या आणि सिगार ठेवायचे आर्द्रतानियंत्रित डबे, म्हणजे ह्युमिडर, याच लाकडाचे करतात, आणि पेटीत सिगारच्या थरांमध्ये त्याचे पातळ पत्रे घातलेले असतात. त्यातला एखादा पत्रा उभा चिरून त्याच्या पट्ट्या करतात आणि त्यांपैकी एक पेटवून तिने सिगार शेकतात. ही पद्धत इतकी लोकप्रिय का, याचे माझ्या मते साधे कारण असे की सिगार महिनोन्‌महिने त्याच लाकडाच्या सहवासात मुरलेला असतो, तेव्हा पट्टीचा थोडासा वास धुरात आला तरी तो परका वाटत नाही. म्हणजे सीडरमध्येही ज्योतीची चव येतच असते. फक्त ती आपल्याला आवडते. चव अजिबात येत नाही असे सांगणाऱ्यांनी पट्टीची ज्योत विझून तिचे टोक नुसते धुमसू लागले की काय होते ते एकदा पाहावे. धुमसणाऱ्या लाकडाचा जड, राळेसारखा धूर सिगारच्या टोकावर बसतो आणि पुढचा अर्धा सेंटिमीटर सिगार कमी आणि लाकूड अधिक लागतो. पट्टी पेटती ठेवायची असेल तर तिचे जळते टोक किंचित खाली झुकवावे, म्हणजे ज्योत वर चढत राहते. टोक अगदी सरळ वर धरले तर ती मंदावते. वारा असेल तर सीडरचा नाद सोडावा, आणि पट्टीवरून गळणारी राख कपड्यांवर पडणार नाही इतकी जागा आधीच मोकळी ठेवावी.

पेट्रोलच्या लायटरबद्दल मात्र मी ठाम आहे. त्यात खरे तर नॅफ्था असतो, म्हणजे खनिज तेलातून मिळणारे, चटकन वाफ होणारे हायड्रोकार्बनचे मिश्रण. कापसात मुरवलेला नॅफ्था वातीतून वर येतो आणि त्याची काही वाफ न जळताच ज्योतीभोवती फिरते. झाकण उघडल्याबरोबर, ठिणगी पडण्याआधीच येणारा वास हा त्याचा पुरावा आहे. ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते, म्हणून टोकावर न जळलेल्या कार्बनचा थरही बसतो. आपल्या मित्राला काही जाणवत नाही याची दोन कारणे संभवतात. एक तर तो जाड, गडद, तीव्र चवीचे सिगार ओढत असेल आणि त्या तीव्रतेपुढे तेलाचा वास दबत असेल, नाहीतर तो अभावितपणे ज्योत दूर धरून फक्त शेकत असेल आणि झुरका नंतर घेत असेल. दुसरे कारण खरे असेल तर तो नकळत योग्य तेच करत आहे. तरीही सौम्य, फिकट वेष्टनाच्या सिगारला हे इंधन लावू नये. विजेवर तापणाऱ्या तारेचा किंवा विद्युतठिणगीचा लायटर इंधनविरहित असतो खरा, पण तापलेली तार पानाला टेकवावी लागते आणि ठिणगीची रुंदी जाड सिगारला पुरत नाही, म्हणून टोक तुकड्यातुकड्यांनी पेटते. त्यावर अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

सर्वांत टिकाऊ दोष कोणता, तर सिगार एका बाजूने पेटणे. वारा असताना मऊ ज्योत एका अंगाला झुकते आणि सिगारची तीच बाजू आधी पेट धरते. मग निखारा तिरका होतो, एक कड सेंटिमीटरभर पुढे पळते, आणि ओढणारा मागे राहिलेली बाजू पेटवण्यासाठी भराभर झुरके घेऊ लागतो. निखारा तापतो, धूर गरम होतो, जीभ भाजते, आणि माणूस म्हणतो की या सिगारमध्येच काही दम नाही. इथे ज्योतीने चव थेट बिघडवलेली नाही, तिने ओढण्याची लय बिघडवली आणि लयीने चव. म्हणूनच मी इंधनापेक्षा समान पेटण्याला अधिक महत्त्व देतो. मिनिटाला साधारण एक झुरका ही गती बहुतेक सिगारना मानवते. टोक समान पेटले असेल तर एवढ्या संथ गतीतही सिगार विझत नाही. उघड्यावर, वाऱ्यात जेट लायटर हेच योग्य साधन आहे आणि तिथे त्याची निंदा करण्यात अर्थ नाही. तिरका झालेला निखारा सरळ करायलाही जेटच उत्तम, कारण त्याचा बारीक झोत फक्त मागे राहिलेल्या कडेवर दोन सेकंद दाखवता येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राख झाडल्यावर निखारा मध्ये शंकूसारखा टोकदार दिसला तर तो दोष नाही. हाताने वळलेल्या सिगारमध्ये जाड, तेलकट, हळू जळणारी लिगेरो नावाची पाने बहुधा मधोमध घालतात आणि चटकन पेटणारी पाने बाहेरच्या बाजूला, म्हणून मध्य थोडा मागे राहतो. याउलट मध्य पोकळ होत आत जळत गेला आणि वेष्टन तसेच उभे राहिले, तर एकतर शेकताना कड नीट पेटलेली नसते, नाहीतर सिगार दमट असतो. सिगार साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. त्याहून ओला सिगार ओल्या लाकडासारखा धुमसतो. त्याला पेटवायला ज्योत फार वेळ धरावी लागते, त्यात वेष्टन करपते आणि आतला भाग तरीही पेट धरत नाही. आपला लायटर बदलण्याआधी सिगार हलकेच दाबून पाहा. तो स्पंजासारखा मऊ लागत असेल तर दोष साठवणीचा आहे, आणि त्यावर कोणतीही ज्योत उपाय करू शकणार नाही.

कडवटपणाचे निदान त्याच्या वेळेवरून बऱ्यापैकी करता येते. पहिल्याच झुरक्यापासून कडू आणि सेंटिमीटरभर जळल्यावर स्वच्छ होत असेल तर कारण ज्योत किंवा इंधन. मध्यावर सुरू होऊन वाढत जात असेल तर ओढण्याची गती किंवा ओलावा. सुरुवातीपासून नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल तर सिगार पुरेसा मुरलेला नाही, आणि तो काही महिने ठेवून देणे हाच मार्ग आहे. शेवटच्या तिसऱ्या भागात तीव्रता वाढते ती स्वाभाविक, कारण तोपर्यंत आधीच्या धुरातले जड पदार्थ मागच्या पानांत साचलेले असतात.

मित्रांचा वाद मिटवायचाच असेल, तर चर्चेपेक्षा चाचणी करावी. चव तपासण्याच्या शास्त्रात त्रिकोणी चाचणी म्हणून एक पद्धत आहे, आणि आयएसओ ४१२० या मानकात तिची रीत दिलेली आहे. तीन नमुने द्यायचे, त्यांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगायचे. एकाच पेटीतले तीन सिगार घ्या. दोन एका पद्धतीने आणि एक दुसऱ्या पद्धतीने कुणीतरी दुसऱ्या खोलीत शेकून आणू दे. मित्राने प्रत्येकाचे दोन-तीन झुरके घेऊन वेगळा ओळखावा. नुसता अंदाज केला तरी तीनांत एकदा उत्तर बरोबर येणार, म्हणून एका फेरीवर निकाल देऊ नये. हाताने वळलेले सिगार एकाच पेटीत असूनही अगदी सारखे नसतात, हेही लक्षात ठेवावे, कारण ज्याला आपण ज्योतीचा फरक समजतो तो कित्येकदा सिगारचाच असतो. पेट्रोलचा लायटर विरुद्ध ब्युटेन अशी चाचणी केली तर बहुतेकांना पहिल्या झुरक्यांत फरक ओळखता येईल असा माझा अंदाज आहे. साधी ब्युटेन ज्योत विरुद्ध नीट धरलेला जेट, यात मात्र मी पैज लावणार नाही.

चवीविषयी इतके लिहिताना एक गोष्ट वगळणे बरोबर नाही. ज्योत कोणतीही असली तरी धूर तोच राहतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि त्याचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे तो छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. तोंड, अन्ननलिका, स्वरयंत्र आणि फुप्फुसाचा कर्करोग सिगारशी जोडलेला आहे, आणि सीडरच्या पट्टीने त्यात तसूभरही फरक पडत नाही. आपण अधूनमधून ओढता. ते अधूनमधूनच राहावे, आणि त्याहून कमी झाले तर अधिक चांगले.

मेणबत्तीविषयी विचारले आहे. थेट मेणबत्तीवर सिगार पेटवू नये. पॅराफिनची वाफ वातीभोवती सतत असते, ज्योत काजळी सोडते, आणि सिगार वरून धरला तर ती काजळी थेट टोकावर बसते. सुगंधी मेणबत्ती असेल तर तो सुगंधही सिगारमध्ये उतरेल. मेणबत्तीचा योग्य उपयोग सीडरची पट्टी पेटवण्यापुरता आहे. तिथे ती सोयीची, कारण पट्टी विझली तर पुन्हा पेटवायला हाताशी ज्योत तयार असते. घरातल्या गॅसच्या शेगडीवरही सिगार पेटवू नये. तो वायू गळला तर कळावे म्हणून त्यात वास येणारे मर्कॅप्टन मिसळलेले असते, पण शेगडीविरुद्धचे खरे कारण तिची ज्योत सिगारच्या मानाने फार मोठी असते हे आहे.

विझलेला सिगार आंबूस लागतो, कारण विझताना आतला धूर थंड होऊन त्यातले जड, ओलसर पदार्थ पानांवर बसतात आणि पुन्हा पेटवताच तेच आधी वर येतात. म्हणून आधी राख पूर्ण झाडावी आणि टोकावरचा सैल कोळसा हलकेच खरवडून काढावा. मग सिगारमधून एकदा बाहेर फुंकावे, आणि ज्योत आधी कडेला, नंतर मध्याला दाखवत पहिल्यासारखेच शेकावे. पेटल्यावर पुन्हा एकदा बाहेर फुंकले तर उरलेला आंबूसपणाही बराचसा जातो. तासाभराच्या आत हे केले तर सिगार बहुधा सावरतो. रात्रभर पडून राहिलेला सिगार मात्र सोडून द्यावा. फारच जीव असेल तर राखेमागचा सेंटिमीटरभर भाग कापून पाहता येईल.

राहिला आपला लायटर. तो टाकून देण्याची गरज नाही. त्याच्या तळाशी ज्योत कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. तो वजा चिन्हाकडे फिरवून तिन्ही झोत आखूड करा, म्हणजे अंतर सांभाळणे सोपे जाईल. ज्योत फडफडत असेल किंवा लावताच विझत असेल तर टाकीत हवा अडकली आहे असे समजा. अशा वेळी लायटर थंड असताना, ज्योतीपासून आणि ठिणगीपासून दूर मोकळ्या हवेत, तो उलटा न धरता भरण्याची झडप बारीक पेचकसाने दाबून आतला वायू आणि हवा पूर्ण बाहेर जाऊ द्या. मग लायटर उलटा करून, डबीचे तोंड सरळ खाली धरून, शुद्ध केलेले ब्युटेन भरा. भरल्यावर काही मिनिटे थांबून मगच पेटवा, कारण भरताना टाकी थंड होते आणि थंड ब्युटेनचा दाब कमी असतो.